डाका रिन्यू करताना या चुका टाळा

लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेल्या, पण कायदेशीर स्टेटस नसलेल्या तरुणांसाठी डाका (डिफर्ड अ‍ॅक्शन फॉर चाइल्डहुड अरायव्हल्स) ही योजना १५ जून २०१२ रोजी जाहीर झाली. तिच्यातून ग्रीन कार्ड मिळत नाही, नागरिकत्वही नाही. दोन वर्षांपुरती देशाबाहेर काढण्याची कारवाई पुढे ढकलली जाते आणि तेवढ्या काळाचं वर्क परमिट मिळतं. मुदत संपत आली की पुन्हा अर्ज. या अर्जांच्या कामात मदत करताना मी सर्वाधिक नुकसान तारखा चुकल्यामुळे झालेलं पाहिलं आहे.

आपल्या मराठी घरांत या विषयावर उघडपणे बोललं जात नाही. मंडळाच्या गणेशोत्सवात एच-१बी आणि ग्रीन कार्डच्या रांगेची चर्चा रंगते, पण ज्या घराचं स्टेटस गेलं आहे ते घर गप्प राहतं. मग माहिती मिळते ती ऐकीव, आणि निम्मी चुकीची.

एच-४ वरच्या मुलांसाठी डाका आहे, हा गैरसमज

आपल्या लोकांत ही चूक सगळ्यात जास्त आढळते. मुलगी पाच वर्षांची असताना एच-४ वर, म्हणजे एच-१बीधारकाच्या कुटुंबाच्या व्हिसावर, आली, शाळा-कॉलेज इथेच झालं, वडिलांचं ग्रीन कार्ड भारतीयांच्या लांबलचक रांगेत अडकलं आणि मुलगी २१ वर्षांची झाली. आता एच-४ संपणार, मग डाका भरू या, असं घरात ठरतं. पण डाकाच्या अटींमध्ये एक स्पष्ट अट आहे: १५ जून २०१२ या दिवशी अर्जदाराकडे कायदेशीर स्टेटस नसलं पाहिजे. त्या दिवशी तुमची मुलगी एच-४ वर असेल, तर तिला डाका लागू होत नाही. नियमाने वागणाऱ्या घराला हे अन्यायाचं वाटतं, आणि मलाही तो अन्यायच वाटतो. तरी अट तीच आहे.

अशा मुलांनी वेगळी वाट धरायची असते. २००२ च्या चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अ‍ॅक्टखाली आय-१४० अर्ज (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस वयातून वजा होतात. ते गणित वकिलाकडून वेळेत करून घ्या. १५ ऑगस्ट २०२५ पासून या गणितासाठी सरकारच्या मासिक व्हिसा बुलेटिनमधला ‘फायनल अ‍ॅक्शन डेट’चा (ग्रीन कार्ड प्रत्यक्ष देता येण्याच्या तारखांचा) तक्ता धरला जातो, त्यामुळे आधी सुरक्षित वाटणारी काही मुलं आता काठावर आली आहेत. गणित जुळत नसेल, तर २१ वा वाढदिवस उजाडण्याच्या कितीतरी आधी एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची तयारी सुरू झालेली असावी.

याच्या उलट, २००८-०९ च्या मंदीत वडिलांची नोकरी गेली, एच-१बी संपला आणि कुटुंब इथेच राहिलं, किंवा टुरिस्ट व्हिसावर आलेलं मूल परत गेलंच नाही, अशा मुलांना योजना लागू होऊ शकते. बाकीच्या मुख्य अटी अशा: १५ जून २०१२ रोजी वय ३१ पेक्षा कमी, सोळाव्या वाढदिवसाआधी अमेरिकेत आगमन, १५ जून २००७ पासून सलग वास्तव्य, आणि शिक्षण चालू किंवा किमान हायस्कूल अथवा जीईडी (हायस्कूलच्या बरोबरीची परीक्षा) पूर्ण. सैन्यातून सन्मानाने निवृत्त झालेल्यांनाही शिक्षणाच्या अटीऐवजी ते चालतं.

पहिला अर्ज आणि रिन्यूअल यांत गल्लत

२०१७ मध्ये सरकारने योजना गुंडाळायला घेतली आणि जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत चुकीची ठरवली. त्यानंतर १६ जुलै २०२१ रोजी टेक्सासमधल्या फेडरल न्यायाधीशांनी योजनाच बेकायदेशीर ठरवली, मात्र ज्यांच्याकडे आधीपासून डाका आहे त्यांचं नूतनीकरण चालू ठेवलं. तेव्हापासून पहिल्यांदा केलेले अर्ज यूएससीआयएस (हे अर्ज हाताळणारं इमिग्रेशन खातं) स्वीकारते, पावती देते, पण त्यांवर निर्णय देत नाही. पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिलेल्या निकालानंतर हे प्रकरण पुन्हा खालच्या न्यायालयात आहे. म्हणून कोणी ‘पहिला डाका सहा महिन्यांत करून देतो’ म्हणत पैसे मागत असेल, तर तिथून उठा. पहिला अर्ज भरायचाच असेल तर यूएससीआयएसच्या डाकाच्या पानावरची ताजी सूचना वाचून आणि वकिलाशी बोलून भरा.

आता ज्यांच्याकडे डाका आहे त्यांनी हे नीट वाचा. मुदत संपून एक वर्ष व्हायच्या आत अर्ज केला तर तो रिन्यूअल धरला जातो. एक वर्ष उलटलं की तोच अर्ज ‘पहिला अर्ज’ ठरतो आणि वर सांगितलेल्या थांबलेल्या ढिगात जाऊन पडतो. आजारपण, नोकरी बदलणं, फीचे पैसे नसणं, कारण काहीही असो, वर्ष उलटू देऊ नका. फीसाठी उसने घ्यावे लागले तरी घ्या.

उशिरा अर्ज करणं

यूएससीआयएसचं सांगणं आहे की मुदत संपण्याच्या १५० ते १२० दिवस आधी अर्ज करावा. तुमचं कार्ड ३० नोव्हेंबरला संपत असेल, तर ३ जुलै ते २ ऑगस्ट हा तुमचा काळ. नवी मुदत बहुधा मंजुरीच्या दिवसापासून मोजतात, जुनी संपल्यापासून नाही. म्हणून काही जण ‘लवकर मंजूर झालं तर मधले दिवस बुडतील’ या विचाराने थांबून राहतात. बुडू देत. खंड पडला तर त्यापेक्षा फार जास्त बुडतं.

इतर काही वर्क परमिटना अर्ज प्रलंबित असताना आपोआप मुदतवाढ मिळायची, ती मित्रांची उदाहरणं डोक्यात ठेवू नका. डाकाच्या परमिटला तशी मुदतवाढ नाही. कार्ड संपलं की दुसऱ्या दिवशी कंपनीला तुम्हाला कामावर ठेवता येत नाही, पावती दाखवली तरीही. अनेक राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्सही त्याच तारखेला संपतं. शिवाय वयाची १८ वर्षं पूर्ण झालेल्यांचं बेकायदेशीर वास्तव्य खंडाच्या काळात मोजलं जातं. ते १८० दिवसांहून जास्त साचल्यावर देश सोडला तर तीन वर्षं, आणि एक वर्ष किंवा अधिक साचलं तर दहा वर्षं परत येण्यावर बंदी लागू शकते.

फॉर्ममधल्या चुका

या चुका छोट्या असतात, पण त्यांनी पाकीट परत येतं आणि आठवडे वाया जातात. तीन फॉर्म एकत्र जातात: आय-८२१डी, आय-७६५ आणि आय-७६५डब्ल्यूएस. तिसरा लोक विसरतात. आय-७६५ वर पात्रतेची वर्गवारी सी-३३. फॉर्मच्या तळाशी आवृत्तीची तारीख छापलेली असते. मागच्या वेळची पीडीएफ पुन्हा वापरू नका, दर वेळी नवी उतरवून घ्या. सही राहिली तर अर्ज फेटाळला जातो. एप्रिल २०२४ पासून एकूण फी कागदी अर्जाला ६०५ डॉलर आणि ऑनलाइन अर्जाला ५५५ डॉलर अशी झाली. भरण्याच्या दिवशी ती वेबसाइटवर पुन्हा तपासा. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरपासून कागदी चेक आणि मनी ऑर्डर चालत नाहीत, कार्डाने किंवा थेट बँक खात्यातून पैसे द्यावे लागतात. जमत असेल तर ऑनलाइनच भरा.

रिन्यूअलला शाळेचे दाखले आणि वास्तव्याचे पुरावे पुन्हा पाठवायची गरज नसते, फक्त नवं काही घडलं असेल तर ते द्यायचं.

नाव आणि जन्मतारीख

आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं. ते एका कागदावर ‘गिव्हन नेम’मध्ये, दुसऱ्यावर ‘मिडल नेम’मध्ये, तिसऱ्यावर गायब. रिन्यू करताना आधीच्या वर्क परमिटवर जसं आहे तसंच लिहा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाहाचा दाखला जोडा.

जन्मतारखेचा घोळ आणखी नाजूक. गावाकडच्या शाळेत प्रवेश घेताना गुरुजींनी १ जून लिहून टाकली, ग्रामपंचायतीच्या नोंदीत मात्र खरी तारीख वेगळी. असे दोन कागद ज्यांच्याकडे असतील त्यांनी मनाने एक निवडून दुसरा लपवू नये. वकिलाला दोन्ही दाखवा. पुढे कधी ग्रीन कार्डचा अर्ज झाला तर जन्मदाखला लागणारच आहे आणि तेव्हा जुन्या फायलीतली तारीख समोर येते. मराठीतल्या दाखल्याला पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं सही केलेलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. दोन्ही भाषा नीट जाणणारी ओळखीची व्यक्तीही ते करू शकते.

आणि जुना, रद्द झालेला पासपोर्ट कधीही फेकू नका. तुम्ही विमानतळावर तपासणी होऊन आत आलात याचा पुरावा त्यातला शिक्का आणि आय-९४ (प्रवेशाची सरकारी नोंद) हाच आहे. उद्या अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं तर इथे राहूनच ग्रीन कार्डचा अर्ज करता येईल की नाही, हे बऱ्याच अंशी त्या पानावर ठरतं.

परवानगीशिवाय भारतात जाणं

आजी अत्यवस्थ असल्याचा फोन येतो आणि माणूस तिकीट काढतो. त्या क्षणी कोणी अडवू नये असंच वाटतं. पण १५ ऑगस्ट २०१२ नंतर अ‍ॅडव्हान्स पॅरोलशिवाय, म्हणजे परत येण्याच्या आगाऊ परवानगीशिवाय, देश सोडला तर सलग वास्तव्य तुटतं, डाका जातो आणि परतीचा दरवाजा बंद होऊ शकतो. आय-१३१ फॉर्म भरून ही परवानगी मागायची असते. ती मानवीय, शैक्षणिक किंवा नोकरीच्या कारणासाठी मिळते. आजारी नातेवाइकाला भेटणं आणि अंत्यसंस्कार मानवीय कारणांत बसतात, सुट्टी बसत नाही. तातडीच्या वेळी यूएससीआयएसच्या संपर्क केंद्राला फोन करून जवळच्या कार्यालयात भेट मागता येते. डॉक्टरांचं पत्र आणि नात्याचे पुरावे बरोबर हवेत. आपली नाती तिथे कोणाला माहीत नसतात, म्हणून आजीशी नातं दाखवायला तुमचा आणि तुमच्या आईचा किंवा वडिलांचा असे दोन्ही जन्मदाखले लागतील. घरात वय झालेलं माणूस असेल तर हे कागद आजच काढून ठेवा.

परवानगी मिळाली तरी विमानतळावरचा अधिकारी प्रवेश देईलच अशी हमी नसते. पूर्वी कधी डिपोर्टेशनचा आदेश निघाला असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय पाऊलही बाहेर टाकू नका. भारतीय पासपोर्ट वैध हवा, मधल्या विमानतळावर ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते पाहा, शक्यतो थेट विमान घ्या, आणि पॅरोलची मुदत संपण्याच्या काही दिवस आधीच परता. दहावं-तेराव्यासाठी मुक्काम वाढवताना ती तारीख विसरली जाते.

पोलीस, मतदार नोंदणी आणि गांजा

अटक झाली होती पण केस मिटली, रेकॉर्ड पुसलं गेलं, तरी फॉर्ममध्ये विचारलं आहे तर सांगायचं आणि कोर्टाची कागदपत्रं जोडायची. साधी वाहतूक दंडाची पावती लिहावी लागत नाही, पण दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा डाका बुडवण्याइतका गंभीर धरतात. गांजा तुमच्या राज्यात कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यात तो गुन्हाच आहे.

डीएमव्हीमध्ये लायसन्स काढताना मतदार नोंदणीचा चौकोन समोर येतो. घाईत त्यावर खूण करू नका. नोकरीच्या आय-९ फॉर्मवर ‘नागरिक’ हा पर्यायही निवडू नका. स्वतःला नागरिक म्हणवून घेतल्याचा ठपका पुढे ग्रीन कार्डचा रस्ता कायमचा बंद करू शकतो.

पत्ता आणि बायोमेट्रिक्स

घर बदललं की १० दिवसांत यूएससीआयएसला कळवा. पोस्टात पत्ता बदलून भागत नाही. बोटांच्या ठशांची भेट चुकली तर अर्ज सोडून दिला असं मानलं जाऊ शकतं, म्हणून जमत नसेल तर तारखेच्या आधी नवी वेळ मागा. अधिक पुरावे मागणारं पत्र आलं तर मागितलेलं सगळं एकदाच, दिलेल्या मुदतीत पाठवा.

मदत कोणाची घ्यायची

परवाना असलेला वकील, किंवा न्याय विभागाने मान्यता दिलेल्या संस्थेतला प्रतिनिधी. मान्यताप्राप्त संस्थांची यादी न्याय विभागाच्या वेबसाइटवर आहे आणि त्यांपैकी अनेक कमी पैशांत काम करतात. ‘कन्सल्टंट’ म्हणवणारा ओळखीचा माणूस कितीही प्रेमळ असला तरी त्याच्यापुढे कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, मूळ कागद त्याच्याकडे ठेवू नका, आणि पाठवलेल्या अर्जाची पूर्ण प्रत व पावती नंबर स्वतःजवळ घेतल्याशिवाय तिथून निघू नका.