इम्प्लांट बसवण्याआधी: हिरडी आणि हाड सांभाळण्याची तयारी

इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू. सगळ्यात आधी दात कशामुळे गेला ते नीट शोधून काढा. पायोरियाने हलून पडला असेल, तर इम्प्लांटभोवतीचं हाडही झिजण्याचा धोका बराच वाढतो, कारण उरलेल्या दातांच्या खोल कप्प्यांतले (दात आणि हिरडी यांमधल्या फटींतले) जंतू नव्या स्क्रूभोवती वस्ती करतात. म्हणून स्केलिंग (दातांवरचा कडक थर काढणं) आणि मुळांची सफाई आधी करून घ्या, काही आठवड्यांनी कप्प्यांची खोली पुन्हा मोजून घ्या. 5 मिमी किंवा त्याहून खोल आणि रक्त येणारे कप्पे अजून शिल्लक असतील, तर इम्प्लांटची तारीख पुढे ढकला. घाईपोटी नेमकी हीच पायरी गाळली जाते आणि आमच्या मते सगळ्यात महाग पडते ती हीच. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात. इम्प्लांटला ते नुसते समांतर लगटून असतात. त्यामुळे सूज हाडापर्यंत लवकर पोचते, आणि बहुतेक वेळा दुखत नसल्याने पत्ताही लागत नाही. सूज हिरडीपुरती असेपर्यंत सफाईने बरी होते. झिजलेलं हाड मात्र आपोआप भरून येत नाही.

मधुमेह असेल तर एचबीए1सीचा (गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट सोबत न्या. आकडा 7 च्या आसपास किंवा खाली असावा. 8 च्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात आणा. सिगारेट-तंबाखू शस्त्रक्रियेच्या किमान 1 आठवडा आधी आणि नंतर 8 आठवडे पूर्ण बंद ठेवा. हे झालं फक्त हाडाने इम्प्लांट धरण्यापुरतं. हिरडीसाठी ती कायमचीच सुटायला हवी. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार झाकला जातो. हाडांच्या ठिसूळपणासाठी ॲलेंड्रोनेट, झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब चालू असेल किंवा पूर्वी घेतलं असेल, तर दंतवैद्यांना आवर्जून सांगा. या औषधांनी जबड्याची जखम भरायला अडचण येऊ शकते. मनाने मात्र बंद करू नका, विशेषतः डेनोसुमॅब. ते अचानक थांबवलं तर मणके मोडण्याचा धोका असतो.

कॅपबद्दलही, म्हणजे इम्प्लांटवर बसणाऱ्या कृत्रिम दाताबद्दलही, आधीच बोलून घ्या. ती स्क्रूने बसणार की सिमेंटने? सिमेंट हिरडीखाली राहिलं तर त्यावर जंतू साचतात आणि काही वेळा बऱ्याच काळानंतर त्रास सुरू होतो, म्हणून सिमेंटची कॅप असेल तर तिची कड साफ करता येईल इतकी वर ठेवायला सांगा. हिरडीतून बाहेर येताना कॅप एकदम फुगीर असेल, तर ब्रश आत जातच नाही. इम्प्लांटभोवती घट्ट, न हलणारी हिरडी 2 मिमीपेक्षा कमी असेल तर ब्रश करताना दुखतं आणि माणूस ती जागा टाळू लागतो. तिथे हिरडीचं कलम (दुसरीकडचा तुकडा आणून लावणं) करायची गरज आहे का, ते विचारा.

इंटरडेंटल ब्रशची (दातांमधल्या फटी साफ करणाऱ्या बारीक ब्रशची) सवय शस्त्रक्रियेआधीच लावा. मधल्या तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असलेला, फटीत किंचित घट्ट जाणारा घ्या. इम्प्लांटचा खरखरीत भाग उघडा पडला असेल तर तिथे फ्लॉस (दात साफ करायचा दोरा) नको, त्याचे तंतू अडकून राहतात.

कॅप बसली की लगेच एक्स-रे काढून घ्या, इम्प्लांटभोवती 6 ठिकाणी खोली मोजून लिहून घ्या आणि दोन्हींची प्रत स्वतःजवळ ठेवा. पुढच्या प्रत्येक तपासणीची तुलना याच नोंदीशी होते. जुनी नोंदच नसेल, तर रक्त किंवा पू, 6 मिमी वा जास्त खोली आणि 3 मिमी वा जास्त खाली गेलेलं हाड या तिन्हींवरून निदान करावं लागतं. तोवर बरंच हाड गेलेलं असतं.

पायोरिया होऊन गेला असेल तर दर 3 महिन्यांनी, नाहीतर दर 6 महिन्यांनी तपासणी करा, आणि हलक्या हाताने खोली मोजायला सांगा. त्याने इम्प्लांटला इजा होत नाही. ब्रश करताना रक्त येणं, दाबल्यावर पू येणं किंवा तोंडाला घाण चव येणं यांपैकी काहीही दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. दात हलतोय असं वाटलं तर त्यावर चावणं बंद करून त्याच आठवड्यात दाखवा: कधी फक्त कॅपचा स्क्रू ढिला झालेला असतो आणि तो घट्ट करता येतो, पण इम्प्लांटच हलत असेल तर तो काढावा लागतो.