सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही: गॅरेजमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

पुण्यात औंधच्या आयटीआयतून मोटार मेकॅनिकचा ट्रेड करून गॅरेजला लागलेल्या मुलांपुढे पहिल्या काही महिन्यांतच ही तक्रार येते. अशा वेळी हात आपोआप प्लगच्या पान्याकडे जातो. तो आवरा. बॉनेट उघडण्याआधी एकदा सेल्फ मारा आणि नीट ऐका.

चांगलं इंजिन फिरताना लयीत अडखळतं, कारण प्रत्येक सिलिंडरच्या कम्प्रेशनला सेल्फला जोर लागतो. तो जोरच ऐकू आला नाही, सगळं एकसारखं आणि भरभर फिरलं, तर टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनच्या फिरण्याशी जुळवणारा पट्टा) तुटल्याची शंका घ्या आणि पुन्हा सेल्फ मारू नका. आवाज मंद असेल, तर बॅटरीवर मीटर लावा. उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत आणि सेल्फ मारताना साधारण 9.6 च्या खाली जाता कामा नये. त्याखाली सेल्फ फिरत राहतो, पण ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर, मध्येच बंद पडू शकतो.

डॅशबोर्डवरचा इमोबिलायझरचा (चोरी रोखण्यासाठी चावी ओळखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा चावी ऑन केल्यावरही लुकलुकत राहिला, तर ईसीयूने चावी ओळखलेली नाही. दुसरी चावी लावून बघा. इथे अनेकजण पेट्रोलचा पंप बदलून मोकळे होतात आणि पैसे वाया जातात.

आता मागच्या सीटजवळ कान ठेवा आणि कुणाला तरी चावी ऑन करायला सांगा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत पंप दोन-तीन सेकंद घुमतो. आवाज नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (पंपाला करंट जोडणारा स्विच) बघा. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून लगेच कळतं. त्यानंतर पंपाच्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरी जोडलेला साधा बल्ब, लावा, नुसता मीटर नको. गंजलेल्या वायरची एकच तार शाबूत असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ ओढतच नाही. बल्ब ओढतो, म्हणून तो मंद पेटतो आणि खरी गोष्ट सांगतो. लॅम्प त्याच कनेक्टरच्या सप्लाय आणि अर्थ या दोन पिनांमध्ये लावायचा. बल्ब ठणठणीत पेटला आणि पंप मुका राहिला, तरच पंप गेला म्हणायचं. मगच नाना पेठेत पार्ट आणायला जा.

पंप घुमला म्हणून प्रेशर आहे असं नाही. बऱ्याच एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) पेट्रोल गाड्यांत 3 ते 4 बार लागतो. गेज लावा आणि त्या मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडून पाहा.

पुण्यात सीएनजीच्या गाड्या भरपूर, म्हणून हे विशेष लक्षात ठेवा. यातल्या बऱ्याच गाड्या पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जातात. मालक पेट्रोल रिझर्व्हवर ठेवतो, टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड होत असतो, तो कोरडा फिरून जळतो. अशी गाडी गॅसचा सिलिंडर भरलेला असूनही चालू होत नाही. काही किटमध्ये स्विच दाबून ठेवला तर थेट गॅसवर चालू करता येतं. तशी चालू झाली, तर स्पार्क, कम्प्रेशन आणि क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणारा) तिन्ही पास. दोष पेट्रोलच्या बाजूला.

स्कॅनर (ईसीयूतली माहिती वाचणारं यंत्र) लावल्यावर एरर कोडच्या आधी सेल्फ मारताना आरपीएम बघा. शून्य दाखवत असेल, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर तपासा. गरम झाल्यावर बंद पडणारी आणि अर्ध्या तासाने आपसूक चालू होणारी गाडी बहुधा इथेच अडकलेली असते. कूलंटचं तापमान उणे 40 दिसलं, तर सेन्सर किंवा वायर तुटली आहे. इंजिन गोठलंय असं समजून ईसीयू पेट्रोल ओतत राहू शकतो. उंदरांनी कुरतडलेल्या वायरिंगमध्ये हे नेहमी सापडतं.

प्लग काढलात आणि तो ओला निघाला, तर पेट्रोल येतंय, स्पार्क बघा. कोरडा असेल, तर पेट्रोल का येत नाही ते शोधा. स्पार्क टेस्टरवर ठिणगी नीट असूनही प्लग ओलाच, तर प्लग पुसून बसवा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा. बऱ्याच गाड्यांत त्या वेळी पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद राहतात आणि जादा पेट्रोल बाहेर पडतं.

पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला मात्र सेल्फ लावायचाच नाही. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तशा प्रसंगी आधी एअर फिल्टर उघडा. तो भिजलेला असेल, तर प्लग काढल्याशिवाय इंजिन फिरवू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

डिझेल गाडीत फिल्टर बदलल्यावर हा त्रास झाला, तर लाइनने हवा धरलेली असते. फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत मारा. पण जुन्या डिझेल इंजिनांत हवा काढायला इंजेक्टरचे नट सैल करायची सवय होती, ती कॉमन रेलच्या (एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या) गाडीत कधीही करू नका. तिथला दाब शेकडो बार असतो आणि डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. त्याऐवजी सेल्फ मारताना स्कॅनरवर रेल प्रेशर बघा. अनेक गाड्यांना चालू व्हायला निदान 200 ते 250 बार लागतो. तेवढा होत नसेल आणि फिल्टरपर्यंत डिझेल नीट येत असेल, तर चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत सोडून सेल्फ मारा. ज्याची बाटली इतरांपेक्षा खूप आधी भरते, तो इंजेक्टर दाब गळवतोय.