बसमधल्या घराचे पाइप थंडीत फुटू नयेत म्हणून

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. त्या फुगण्याला जागा नसेल तर आधी तडकतात ते सांधे, व्हॉल्व्ह आणि पंप. पेक्सचा, म्हणजे लवचीक प्लास्टिकचा, पाइप थोडा ताणतो, म्हणून बरेचदा वाचतो. बस थंडीत नुसती उभी राहणार असेल तर पाणी पूर्ण काढणं हाच खात्रीचा उपाय.

गीझर बंद करून पाणी निवू द्या, मगच त्याचं तळाचं बूच उघडा. टाकी रिकामी करा, गरम-थंड सगळे नळ उघडे ठेवा, पंप क्षणभर चालवा. पण इथेच थांबू नका! पंपात, गाळणीच्या भांड्यात, पाइप झोळ खातो तिथे पाणी उरतंच. हातशॉवरची नळी तर मी काढून झटकतेच. बाकीचं पाणी एकेक नळ उघडत हलक्या दाबाच्या हवेने बाहेर ढकला. सिंकखालच्या वाकड्या पाइपात तरीही पाणी राहतं. तिथे प्रॉपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू न देणारं द्रव, कपभर ओता. इंजिनासाठीचं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते पाण्याच्या पाइपांत कधीही घालू नका.

बसमध्ये राहतच असाल, तर पाइप इन्सुलेशनच्या आतल्या, उबदार बाजूने न्या आणि रात्री सिंकखालची दारं उघडी ठेवा. पाइपावर नुसता फोम गुंडाळून भागत नाही. तो ऊब तयार करत नाही, फक्त तिचं जाणं लांबवतो. बसखाली लटकणाऱ्या टाकीला हीटिंग पॅड हवंच.