ऑफिसच्या आवारात मेडिकल पार्किंग हवंय? अर्जाआधी एवढी तयारी करून ठेवा

सरकारी ऑफिसात नोकरीला असताना मेडिकल कारणासाठी पार्किंग मागायचं तर छापील फॉर्म असेलच असं नाही, बऱ्याच ठिकाणी कार्यालय प्रमुखांच्या नावाने साधा अर्ज करायचा असतो आणि तो आस्थापना शाखेतून वर जातो. तयारी सगळी आपणच करायची, कारण जे अर्जात नसतं ते टिपणीत, म्हणजे क्लार्क फाइलवर साहेबांसाठी लिहितो त्या नोंदीत, येत नाही, आणि टिपणीत नसलेल्या गोष्टीवर साहेब सही करत नाहीत. हे इतकं सविस्तर लिहितेय कारण गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, किमो चालू असलेली, सिकलसेलच्या दुखण्यात रोज येणारी माणसं गेटपासून जिन्यापर्यंत कशीबशी चालत येतात आणि "कशाला उगाच मागायचं" म्हणून गप्प बसतात. मागा हो, तुमच्या कामासाठीच येताय ना तुम्ही.

आधी स्वतःशी नक्की करा की हवंय काय. सगळ्यांनाच पार्किंगची जागा लागते असं नाही. मुलगा किंवा मिस्टर सोडायला येत असतील तर तुम्हाला खरं तर गाडी पोर्चपर्यंत आत आणायची आणि उतरवून परत न्यायची परवानगी हवी असते, आणि ती जागेपेक्षा लवकर मिळते कारण कुणाची जागा जात नाही. स्वतः चालवत असाल तर जागा हवी. बाजूला चाकं लावलेली स्कूटर असेल तर ती टू-व्हीलरच्या रांगेत मावत नाही, हे अर्जात स्पष्ट लिहा, नाहीतर "टू-व्हीलर आहे ना, मग तिकडे लावा" असं उत्तर येतं.

मग बघायचं की त्रास कायमचा आहे की काही महिन्यांचा, कारण अर्जाचा पाया यावर ठरतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात चालण्या-फिरण्याचं अपंगत्व तर आहेच पण पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल पण आहेत, आणि आपल्या विदर्भातल्या बऱ्याच सिकलसेलवाल्यांना हे माहीतच नसतं. यात बसत असाल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा, स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज होतो, मग नेमून दिलेल्या सरकारी हॉस्पिटलात तपासणी. २०२१ च्या जूनपासून सर्टिफिकेट याच पोर्टलवरून द्यायचं ठरलंय. आधीचं असेल तर त्याची मुदत बघून घ्या, काहींचं तात्पुरतं असतं आणि अर्ज देताना संपलेलं निघतं. टक्के ४० पेक्षा कमी आले म्हणून अर्ज सोडून देऊ नका. ४० ची अट आरक्षणासारख्या गोष्टींना आहे, पण कलम २०(२) मध्ये सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला रिझनेबल अकोमोडेशन (म्हणजे गरजेप्रमाणे वाजवी सोय) आणि अडथळा नसलेलं वातावरण द्यायचं असं म्हटलंय, तिथे टक्क्यांचा आकडा नाही.

डायलिसिस, हार्टचं ऑपरेशन, स्लिप डिस्क, फ्रॅक्चर, अवघड प्रेग्नन्सी हे त्या यादीत नावाने नाहीत. म्हणजे मागता येत नाही असं अजिबात नाही, फक्त कायद्याचं कलम टाकायचं नाही, ऑफिसच्या अधिकारात ठराविक मुदतीसाठी सोय मागायची आणि तारीख स्वतःच लिहायची, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. मुदत लिहिलेली असली की मंजूर करणाऱ्याला सोपं जातं, पुढे वाढवून मागता येतेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, डॉक्टरांचं पत्र. माझं ठाम मत आहे की अर्ज अडतो तो बहुतेक वेळा इथेच. डॉक्टर लिहून देतात "पेशंटला ऑस्टिओआर्थ्रायटिस आहे, विश्रांतीची गरज", आणि त्या एका ओळीवरून क्लार्कला कळत नाही की पार्किंगचा काय संबंध, उलट रजेवर जा म्हणतात. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा की आजारापेक्षा हालचालीबद्दल लिहा: सलग किती अंतर चालता येतं, जिना चढता येतो का, किती वेळ उभं राहता येतं, काठी किंवा वॉकर लागतो का, आणि हे किती काळ राहणार. शेवटी एक वाक्य, की वाहन प्रवेशद्वाराजवळ लावण्याची सोय आवश्यक आहे. लेटरहेड, तारीख, सही, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर बघितल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका. प्रायव्हेट डॉक्टरचं पत्र काही ऑफिसं घेतात, काही जिल्हा शल्य चिकित्सकांचं मागतात, ते आस्थापनेत आधी विचारून घ्या म्हणजे दुखऱ्या पायाने सिव्हिलचा हेलपाटा तरी ठरवून होईल.

रिपोर्ट, एमआरआय, डिस्चार्ज समरी मात्र सरसकट जोडू नका. फाइल चार-पाच टेबलांवरून जाते, प्रत्येकाने तुमचा आजार वाचायची गरज नाही. पत्र पुरेसं असतं, आणि खरंच कुणी जास्त मागितलं तर बंद पाकिटात, वर "गोपनीय" लिहून, थेट प्रशासकीय अधिकाऱ्यांकडे द्या. हे विशेष करून कॅन्सर, मानसिक आजार, बायकांचे आजार असतील त्यांना सांगतेय, संकोचापायी अर्जच न करण्यापेक्षा हा मार्ग आहे.

जागेची तयारी पण आपणच करायची. एक दिवस जरा लवकर येऊन किंवा कुणाला तरी सांगून आवाराचे फोटो काढा, सध्या गाडी कुठे लावता तिथून लिफ्टपर्यंत किती अंतर आहे ते मोजा, मध्ये पायऱ्या किती, रॅम्प कुठे, लिफ्ट कुठल्या बाजूला. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत दिव्यांगांसाठी प्रवेशद्वाराजवळ दोन गाड्यांची जागा सांगितली आहे, इमारतीच्या दारापासून जास्तीत जास्त ३० मीटर आणि रुंदी किमान ३.६० मीटर. रुंदी जास्त का, तर दार पूर्ण उघडून व्हीलचेअर किंवा वॉकर बाजूला घेता यावा म्हणून. तुमच्या इमारतीत अशा जागा रंगवलेल्या आहेत का बघा, असतील आणि तिथे साहेबांची गाडी किंवा जनरेटर उभा असेल तर फोटो काढून अर्जाला जोडा, आरोप करायचा नाही, फक्त "सदर जागा उपलब्ध करून मिळावी" एवढंच लिहायचं. जागा नुसती "जवळ" मागू नका, "पोर्चच्या डाव्या बाजूची पहिली" असं बोट ठेवून सांगा, आणि पर्याय म्हणून दुसरी एक द्या.

इमारत कोणाची हे पण विचारून ठेवा. मध्यवर्ती प्रशासकीय इमारतीत दहा ऑफिसं असतात, आवाराचं काम दुसऱ्याच कार्यालयाकडे असतं, रंगकाम बांधकाम विभागाकडे. अशा वेळी तुमच्या साहेबांनी मंजुरी दिली तरी गेटवरचा माणूस ऐकणार नाही, म्हणून अर्जातच विनंती करा की आदेशाची प्रत इमारत सांभाळणाऱ्या कार्यालयाला आणि सुरक्षेला जावी.

गाडीच्या कागदांचं फार नाही: आरसी, लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी, ओळखपत्राची झेरॉक्स, सगळ्यांवर स्वतःची सही. गाडी नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं दोन ओळींचं संमतीपत्र. घरात दोन गाड्या असतील तर दोन्ही नंबर लिहा, एक गॅरेजला गेली की त्या दिवशी गेटवर वाद नको.

अर्ज एका पानात बसवा. विषय, तुमचं पद आणि शाखा, काय अडचण येते, नेमकं काय हवंय, कधीपर्यंत, सोबत काय जोडलंय. ऑफिसच्या टपाल टेबलावर देऊन तुमच्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या, ई-ऑफिस (कॉम्प्युटरवरच्या फाइली) असेल तर नंबर लिहून ठेवा. तोंडी "लावा हो, कोण अडवतंय" असं साहेब म्हणाले तरी लेखी घ्या, कारण साहेबांची बदली होते आणि नवीन साहेबांना काहीच माहीत नसतं.

पाठपुरावा शांतपणे. ज्याला आपण दप्तर दिरंगाई कायदा म्हणतो त्या २००५ च्या कायद्याप्रमाणे साधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे फाइल ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबायला नको, तेवढे दिवस गेले की कुठल्या टेबलावर आहे ते विचारा. दिव्यांग कायद्याखाली अर्ज असेल तर कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला हवा आणि तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी, तिथे लेखी द्या, समाधान नाही झालं तर पुढे जिल्हास्तरीय समिती आहे. नकार आला तर तोही कारणासहित लेखी मागा.

आदेश मिळाला की त्याची लॅमिनेट केलेली प्रत गाडीत आणि एक फोटो मोबाइलमध्ये. दोन्ही शिफ्टच्या गार्डना स्वतः जाऊन भेटा, नावाने ओळख करून घ्या. जागेवर पाटी लावणार असतील तर तिच्यावर आजार लिहू देऊ नका, "राखीव" आणि गाडीचा नंबर पुरतो. लोकशाही दिनाला, म्हणजे जिल्ह्याला महिन्याच्या पहिल्या सोमवारी, किंवा मंत्र्यांचा दौरा असेल तेव्हा आवार भरून जातं आणि राखीव जागा सगळ्यात आधी जाते, तर आदल्या दिवशी सुरक्षेला आठवण करून द्या आणि जागेवर ट्रॅफिकचा कोन ठेवायला सांगा. मुदत संपायच्या महिनाभर आधी मोबाइलवर रिमाइंडर लावा, डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळायला वेळ जातो. आणि बदली झाली तर हा आदेश तिथे चालत नाही, जुन्या आदेशाची प्रत जोडून नव्या ऑफिसात रुजू झालात की त्याच दिवशी नवीन अर्ज टपालात द्या.