काजू कारखान्यात आयएसओ ९००१ राबवताना या चुका टाळा

गोव्यातल्या छोट्या काजू युनिटमध्ये आयएसओ ९००१ (गुणवत्ता व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक) येते ते बहुधा मोठ्या खरेदीदाराने मागितले म्हणून. मग कन्सल्टंट जाडजूड मॅन्युअल आणून देतो आणि ते कपाटात जाऊन बसते. २०१५च्या आवृत्तीत क्वालिटी मॅन्युअल सक्तीचे राहिलेले नाही, त्यावर पैसे घालवू नका. आधी व्याप्ती, म्हणजे कोणती कामे या मानकाखाली येतात, ते लिहून काढा. सोलायचे काम बाहेर दिले असेल, तर ‘ते आमचे नाही’ म्हणून सुटका होत नाही. त्यावर देखरेख कशी ठेवता हे दाखवावेच लागते.

सर्वांत महागात पडते ती एनसी (नॉनकन्फॉर्मिटी, म्हणजे ठरलेल्या निकषात न बसलेली गोष्ट) बंद करण्यातली घाई. समजा, पॅकिंगआधी गरांचा ओलावा ५ टक्क्यांच्या वर निघाला. लॉट पुन्हा बोर्म्यात (गर वाळवायच्या भट्टीत) घातला, रजिस्टरात ‘बंद’ लिहिले. ही झाली तात्पुरती दुरुस्ती. कारण तसेच राहिले. मानकाचे कलम १०.२ विचारते की हे घडले का, आणि दुसऱ्या लॉटमध्येही घडले असेल का? जून ते सप्टेंबरात हवाच इतकी दमट की सोललेले गर प्रतवारीच्या टेबलावर उघडे राहिले तर पाणी ओढून घेतात. ट्रे जास्त भरला की मधले गर नीट वाळत नाहीत. कधी ओलावा मोजायच्या मीटरच्याच कॅलिब्रेशनची (अचूकतेच्या तपासणीची) मुदत संपलेली असते. नेमके काय ते शोधा, मग उपाय ठरवा: गर झाकणाच्या डब्यात ठेवणे, उघडे ठेवण्याला वेळेची मर्यादा, सील करण्याआधी शेवटचे रीडिंग. पुढच्या काही लॉटचे आकडे पाहूनच एनसी बंद करा.

मॅनेजमेंट रिव्ह्यूच्या (व्यवस्थापनाच्या आढावा बैठकीच्या) इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढेच असेल, तर निर्णय झालाच नाही. कोण करणार, कधीपर्यंत, खर्च किती, हे लिहा. अंतर्गत ऑडिटमध्ये पॅकिंगच्या सुपरवायझरला पॅकिंग तपासायला लावू नका.

आयएसओ स्वतः प्रमाणपत्र देत नाही. देणाऱ्या संस्थेला एनएबीसीबीची (अशा संस्थांना मान्यता देणारे भारतातले मंडळ) मान्यता आहे का, ते पैसे भरण्याआधी बघा. प्रमाणपत्र ३ वर्षांचे असते, पण मध्ये दरवर्षी सर्व्हेलन्स ऑडिट (पद्धत चालू आहे का याची तपासणी) असते. त्याचा खर्चही आधीच विचारा. एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना किंवा नोंदणी कायद्याने लागतेच, त्याची जागा हे प्रमाणपत्र घेत नाही. आणि काजूच्या पाकिटावर प्रमाणपत्राचे चिन्ह छापू नका: ते तुमच्या कामाच्या पद्धतीला मिळालेले असते, मालाला नव्हे.