बाळाचं पोट दुखतंय? हिंग बाहेरून, शेपा आईला

दिवेलागणीला बाळ अचानक रडायला लागतं, मुठी आवळतं, पाय पोटाशी घेतं, तोंड लालबुंद. आजी म्हणते, "पोटात वात धरलाय." बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे सुरू होतं, सहाव्याच्या सुमारास फार वाढतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतं. तोवर आजीच्या बटव्यातलं काही जरूर वापरा, पण बाळाच्या पोटावर. पोटात नको.

आधी एवढं बघा: हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, पोट फुगून टणक, दूध पिणं सोडलेलं, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप (३८ सेल्सिअस किंवा जास्त). यातलं एकही असेल तर घरगुती काही न करता थेट दवाखाना.

तसं नसेल तर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढा. कधी कधी रडणं इथेच थांबतं.

मग हिंग. चिमूटभर हिंग वाटीत घेऊन कोमट पाण्याच्या चार-पाच थेंबांत बोटाने कालवा. दुधाळ, सरसरीत व्हायला हवा. खडा राहिला तर कातडीला टोचतो. बेंबीभोवती पातळ गोल फिरवा, बेंबीत घालू नका. नाळ पडून जागा सुकली नसेल तर हा लेप नकोच. अर्ध्या तासाने ओल्या फडक्याने पुसा. लाली दिसली तर लगेच पुसून टाका, पुन्हा लावू नका. हिंगाचं पाणी पाजणं मात्र धोक्याचं: तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने घटू शकते.

शेक द्यायचा तर चमचाभर ओवा तव्यावर कोरडाच भाजा. वास सुटला की सुती फडक्यात पुरचुंडी बांधा, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा. चटका तर सोडाच, नुसतं गरम वाटलं तरी थांबा. कोमट झाल्यावर पोटावर हलकेच टेकवा, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने.

बाळंतशेपा, म्हणजे शेपूचं बी, आईने जेवणानंतर चिमूटभर चावून खावा. त्याने बाळाचा वात जातोच असं नाही, पण आईचं जड पोट हलकं वाटू शकतं.

गुटीवरून घरोघरी वाद. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको, मध तर वर्षभर नाही. गुटीतल्या वेखंडाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. अमेरिकेत १९६८ पासून ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी आहे.

मुरडशेंग मोठ्या मुलांसाठी. पीळ घातलेली ही शेंग मुरडा आला की सहाणेवर पाण्यात उगाळून देतात. किती वेढे (सहाणेवर उगाळायचे फेरे), ते वय सांगून वैद्यांना विचारा. आणि दुखणं बेंबीपासून सरकून उजवीकडे खाली गेलं असेल, तर सहाण तशीच ठेवून डॉक्टरांकडे निघा. ते अपेंडिक्स असू शकतं.