स्पोलिगोटायपिंग: क्षयाच्या जंतूचे ४३ चौकोन कसे उमटवायचे आणि कसे वाचायचे

क्षयाचा जंतू फार हळू बदलतो. सुमारे ४४ लाख अक्षरांच्या (डीएनएच्या घटकांच्या) त्याच्या जनुकसंचात दोन वर्षांत साधारण एका अक्षराचा फरक पडतो. तरीही त्याचे स्ट्रेन (उपप्रकार) ओळखता येतात, ते 'डायरेक्ट रिपीट' या पट्ट्यामुळे. तिथे ३६ अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि अशा दोन तुकड्यांमध्ये ३५ ते ४१ अक्षरांचा एक स्पेसर असतो. प्रत्येक स्पेसर निराळा. पिढ्यान्‌पिढ्या काही स्पेसर गळत जातात आणि गळालेला परत येत नाही. त्यांतले ठरलेले ४३ आहेत की नाहीत हे पाहायचे, एवढेच स्पोलिगोटायपिंग: असलेला स्पेसर फिल्मवर काळा चौकोन म्हणून उमटतो, नसलेल्याची जागा कोरी राहते. पद्धत १९९७ सालची आहे, पण पहिल्या चाळणीसाठी आजही स्वस्त आणि भरवशाची.

सुरुवात मेलेल्या जंतूंपासूनच करा. जिवंत कल्चर हाताळायची सोय असलेल्या प्रयोगशाळेत वसाहत (जंतूंचा वाढलेला ठिपका) टीई बफर या डीएनए टिकवणाऱ्या द्रावणात मिसळून ९५ अंशांवर ३० मिनिटे तापवा. ट्यूब पाण्यात पूर्ण बुडालेली हवी. नुसत्या हीटिंग ब्लॉकवर झाकण थंड राहते आणि झाकणाला चिकटलेले जंतू जगू शकतात. नंतर ट्यूब फिरवून वरचे पाणी पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या क्रियेला) घ्या.

पीसीआरमध्ये एका प्रायमरला (प्रत जिथून सुरू होते त्या छोट्या तुकड्याला) बायोटिन हे लेबल लावलेले असते. ९६ अंशांवर ३ मिनिटे, मग ९६ वर १ मिनिट, ५५ वर १ मिनिट, ७२ वर ३० सेकंद अशी २० ते ३० आवर्तने, शेवटी ७२ वर ५ मिनिटे. तयार झालेले २० मायक्रोलिटर १५० मायक्रोलिटर २एक्स एसएसपीई (क्षारांचे द्रावण) व ०.१ टक्का एसडीएस (साबणासारखा पदार्थ) यांच्यात मिसळा, ९९ अंशांवर १० मिनिटे ठेवा आणि लगेच बर्फात टाका. सावकाश गार केले तर दोन्ही धागे पुन्हा जुळतात आणि चौकोन फिके उमटतात.

मेंब्रेनवर (पातळ पडद्यावर) ४३ स्पेसरांच्या रेघा एका दिशेने असतात, नमुने त्यांना काटकोनात भरायचे. भरताना हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढ्या जागी चौकोन येत नाही आणि तो गळालेल्या स्पेसरसारखाच दिसतो. ६० अंशांवर तासभर ठेवा, पण हलवू नका, नाहीतर शेजारच्या खोबणीत गळती होते. मग ०.५ टक्के एसडीएस घातलेल्या बफरने ६० अंशांवर १० मिनिटे, दोनदा धुवा. स्ट्रेप्टाव्हिडिन-पेरॉक्सिडेज (बायोटिनला चिकटणारे एन्झाइम) ४२ अंशांवर द्या. धुण्यातून काढलेले गरम मेंब्रेन आधी थोडे निवू द्या, कारण ६० अंशांना ते एन्झाइम मरते. पुन्हा ४२ वर धुऊन प्रकाश देणारे रसायन लावा आणि फिल्म घ्या. एक फिल्म २० मिनिटांची, एक कमी वेळाची. शंकेचा चौकोन दोन्हींवर ताडून पाहता येतो.

वापर झाला की १ टक्का एसडीएसमध्ये ८० अंशांवर ३० मिनिटे, दोनदा धुवा आणि मेंब्रेन ईडीटीएच्या द्रावणात ओले ठेवा. वाळले की ते गेलेच. पुढच्या वेळी वापरण्याआधी कोरी फिल्म घ्या, जुन्या नमुन्याच्या सावल्या असतील तर तिथेच दिसतील.

कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेले नमुने) तीन लावा: पाणी, एच३७आरव्ही (प्रयोगशाळेतला प्रमाण क्षयजंतू) आणि बीसीजी (लसीतला जंतू). एच३७आरव्हीमध्ये २०, २१ आणि ३३ ते ३६ क्रमांकांचे स्पेसर नसतात. बीसीजीमध्ये ३, ९, १६ आणि ३९ ते ४३ नसतात. म्हणजे दोन्ही मिळून सगळे ४३ तपासले जातात, एकट्याने ते होत नाही. एखादा स्पेसर सगळ्याच नमुन्यांत आणि अपेक्षित कंट्रोलमध्येही दिसेनासा झाला तर दोष मेंब्रेनचा. पाण्यात चौकोन उमटले तर संपूर्ण फेरी टाकून द्या. 'थोडेसेच आहे' म्हणून चालवून घेऊ नका.

आता वाचन. आहे त्याला १, नाही त्याला ०. तीन-तीनांचे गट करा, प्रत्येक गटाला ४, २, १ अशी किंमत देऊन बेरीज मांडा. ४३ वा एकटा उरतो. समजा ४ ते ७ आणि २३ ते ३४ नाहीत. पहिला गट ७, दुसरा ०, तिसऱ्यात फक्त ७ वा नाही म्हणून ३. असे करत ७०३७७७७४०००३७७१ येते. हा सीएएस-दिल्ली, क्षयजंतूचे एक कुळ. बीजिंग कुळात १ ते ३४ नसतात: ०००००००००००३७७१. दक्षिण भारतात जास्त आढळणाऱ्या ईएआय (पूर्व आफ्रिकी-भारतीय) कुळात २९ ते ३२ आणि ३४ नसतात, ३३ मात्र असतो. युरो-अमेरिकन कुळात ३३ ते ३६ नसतात.

फसगत इथे होते: फक्त ३३ आणि ३४ नसलेला नमुना आला की त्याला लगेच 'मनू' (आणखी एक कुळ) म्हणू नका. एकाच रुग्णात बीजिंग आणि युरो-अमेरिकन असे दोन्ही असतील, तर एकाकडे नसलेले स्पेसर दुसऱ्याकडून उमटतात आणि नेमके ३३, ३४ तेवढे कोरे राहतात. अशा वेळी वेगवेगळ्या वसाहती उचलून पुन्हा करा.

आकडा जुळला म्हणजे संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे गेला, असे होत नाही. बीजिंगचा आकडा निम्म्या जगात सारखाच आहे आणि एकच स्पेसर दोन कुळांत स्वतंत्रपणे गळू शकतो. औषधाला दाद देईल की नाही हेही यातून कळत नाही. जुळलेले नमुने आधी २४ जागांच्या मिरू-व्हीएनटीआरला (प्रत्येक जागी तुकडा किती वेळा येतो ते मोजणाऱ्या चाचणीला) पाठवा. आयएस६११० हा जागा बदलणारा डीएनए-तुकडा मोजायची जुनी पद्धत आपल्याकडे कमी पडते, कारण ईएआयच्या बऱ्याच स्ट्रेनमध्ये त्याच्या प्रती एक-दोन किंवा शून्यच असतात. मिरू-व्हीएनटीआरमध्येही जुळले आणि संसर्गाची साखळी शोधायचीच असेल, तर संपूर्ण जनुकसंच वाचून घ्या: ५ किंवा कमी अक्षरांचा फरक असला तर नुकत्याच झालेल्या प्रसाराचा संशय धरायचा, १२ हून जास्त असला तर थेट प्रसार जवळजवळ वगळायचा. मधल्या आकड्यांना रुग्णांच्या भेटीगाठींची चौकशी लागते.